सेलातली कांडी

नत्थू रामटेके बंद पडलेली मशीन कानाला लावायचा. रायपुरात भनपुरीच्या ट्रकवाल्या रस्त्यावर त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. कुणाही मिस्त्रीची ड्रिल किंवा ग्राइंडर हातात आली की तो आधी डोळे मिटायचा, मशीन कानाशी धरून जरा हलवायचा आणि रोग्याची आशा सोडल्यासारखा सुस्कारा टाकायचा. "आर्मेचर गया, भैया." बंद मशिनीतून कुणाला काय ऐकू येणार? पण समोरचा मिस्त्री तोंड पाडून मान डोलवायचा. दुकानामागंच त्यांची राहायची खोली होती. मधल्या पडद्याआड बसलेली त्याची बायको शेवंता हे सगळं ऐकायची आणि दर वेळी तिला नवऱ्याची तितकीच चीड यायची, आणि त्या मिस्त्रीची थोडी जास्त.

कारण जायचं काहीच गेलेलं नसायचं. अशा मशिनीच्या पोटात जे आर्मेचर फिरतं, त्याला वीज पोचवतात ते दोन काळे ठोकळे, बोटाच्या पेराएवढे. बाजारात त्यांना कार्बन म्हणतात. मागून स्प्रिंग त्यांना ढकलते, पुढून ते तांब्याच्या पट्ट्यांना घासत राहतात आणि झिजतात. झिजणं हेच त्यांचं काम. दोन्ही बाजूंची टोपणं पेचकसानं उघडायची, झिजलेले ठोकळे काढायचे, पट्ट्यांवरचा काळा थर पुसायचा, नवे बसवायचे, टोपणं लावायची. चहाला उकळी येईपर्यंत काम संपतं. नत्थू ते संध्याकाळपर्यंत लांबवायचा, मशिनीचं अंग रॉकेलनं पुसून चकचकीत करायचा आणि आर्मेचर नव्यानं भरलं म्हणून सांगायचा. मिस्त्री खूश होऊन जायचा. जाताना नत्थूच्या हाताची तारीफ करायचा.

छत्तीसगढ राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि नत्थूसारख्यांचं फावलं. जिकडे तिकडे नवी ऑफिसं, नवे बंगले, नवी दुकानं. ज्याला कालपर्यंत हातोडीला दांडा बसवता येत नव्हता तो आज दारावर 'फॅब्रिकेशन' असा बोर्ड लावून, हातात ग्राइंडर घेऊन उभा. यांना मशीन चालवता येत नव्हती, फक्त सुरू करता येत होती. मशिनीतून ठिणग्या उडायला लागल्या की यांना वाटायचं जोर वाढला. मधेच थांबली की हे तिला थोबाडीत मारल्यासारखी थापड द्यायचे, आणि ती पुन्हा चालू झाली की स्वतःला इंजिनिअर समजायचे. झिजलेला कार्बन थापडेनं जागेवर सरकतो, एवढंच त्यातलं शास्त्र. पण हे यांना सांगणार कोण? नत्थूनं तर आपल्या दुकानाचं नाव बदलून 'राजधानी पावर टूल्स' ठेवलं होतं. तो कशाला सांगेल?

नत्थूचे वडील रेल्वेत होते. नत्थूला रेल्वेनं घेतलं नाही, आणि तो राग त्यानं जन्मभर जगावर काढला. मोटारीत तांब्याची तार नव्यानं भरून देणाऱ्या एका वाइंडिंगच्या दुकानात तो शिकायला राहिला होता. तिथल्या उस्तादाशी भांडून अर्धवट शिकला आणि निघाला. उरलेलं अर्धं त्यानं तोंडानं भरून काढलं. त्याच्या मते सगळे मिस्त्री अडाणी गवार होते, ठेकेदार चोर होते, साहेब लोक ढ होते, आणि शिकलेल्यांची अक्कल तर सर्टिफिकेटासकट फ्रेममध्ये टांगलेली होती. बुद्धविहारात कुणी चांगलं भाषण केलं तरी हा बाहेर येऊन नाक मुरडायचा. जगात एकच माणूस त्याला मानण्याजोगा वाटायचा, आणि त्याची दाढी तो रोज आरशात बघून करायचा.

विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी तर त्याची दिवाळी असायची. त्या दिवशी भनपुरीतला प्रत्येक कारखाना आपली अवजारं धुतो, हळदकुंकू लावतो, हार घालतो. इथवर ठीक होतं. पण भक्ती उतू गेली की लोक मशिनीच्या जाळीतून आत तेल सोडायचे आणि वर नारळाचं पाणी शिंपडायचे. कार्बन आपल्या खोबणीत चिकटून बसायचा आणि मशीन ठप्प व्हायची. मग देवाचा कोप झाला म्हणून ते ती नत्थूकडे आणायचे. नत्थू स्वतः बौद्ध, पूजाअर्चेवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पण त्या एका दिवसाबद्दल तो चकार शब्द काढत नसे. "करू दे न बापा," तो शेवंताला म्हणायचा, "लोकाईची श्रद्धा हाय."

इथवर नत्थू साधा लबाड होता. त्याच्या पुढची पायरी तो शेवंताच्या हातांवर चढला.

शेवंता माहेरी, गोंदियाकडे, लहानपणापासून बिड्या वळत होती. तिच्या बोटांना माप कळायचं. पानाचा तुकडा कुठं कापावा आणि दोरा किती ओढावा, हे तिला बघावं लागत नसे. लग्न होऊन रायपूरला आली तेव्हा ती बोटं रिकामी पडली. आणि नत्थूच्या डोक्यात एक दिवस आलं की विकतचा कार्बन तरी कशाला घ्यायचा? टॉर्चच्या संपलेल्या सेलात मधोमध काळी कांडी असते. ती काढायची, घासून चौकोनी करायची, जुन्या कार्बनची स्प्रिंग आणि तार तिला अडकवायची. दिसायला हुबेहूब. त्यानं स्वतः करून पाहिलं. एक कांडी मोडली, दुसरी वाकडी घासली गेली, तिसरी घासताना त्यानं अंगठा सोलून घेतला आणि सगळा दोष कानसेला दिला. शेवंतानं ते त्याच्या हातातून घेतलं आणि बसल्या बैठकीला एक जोडी बनवून दिली. त्या वेळी तिला बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला बोला. नवऱ्याला जे येत नाही ते आपल्याला येतं, ही गोष्ट कुठल्या बाईला आवडत नाही?

तेव्हापासून भंगारवाला पोत्यानं सेल आणून द्यायचा आणि शेवंता पडद्यामागं बसून घासायची. कांडी चालायची, पण चालण्यात दम नव्हता. खऱ्या कार्बनची जात वेगळी. तो पट्ट्यांना सांभाळून घासतो. कांडी एका जागी कडक, दुसऱ्या जागी भुसभुशीत. ती ठिणग्या उडवायची, पट्ट्या खरवडायची, मशीन मधेच बंद पडायची. गिऱ्हाईक परत यायचं आणि नत्थू पुन्हा मशीन कानाला लावायचा. शेवंताला हे सगळं ठाऊक होतं. ती नवऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालायची आणि घासत राहायची. तिची नखं काळी पडली ती कायमची. विहारात बायका विचारायच्या तेव्हा ती सांगायची, चुलीची काजळी हाय. घरात गॅस येऊन वर्षं झाली होती.

एका दसऱ्यानंतर श्यामराव दुकानात आला. श्यामराव भनपुरीतच राहायचा आणि समता कॉलोनीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. तिथं दसऱ्याला ऑपरेशनच्या सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. त्या उत्साहात श्यामरावनं डॉक्टरच्या ड्रिलला कुंकू लावलं, हार घातला आणि जाळीतून चमचाभर तेल पाजलं. दुसऱ्या दिवशी ड्रिल हूं की चूं करेना. डॉक्टरला कळायच्या आत दुरुस्त करून हवी होती. नत्थूनं ती कानाला लावली. श्यामराव हात जोडून उभा राहिला.

ती मशीन खरं तर निरोगी होती. विदेशी, भारीतली, आणि आतले कार्बन जेमतेम झिजलेले. तेलानं चिकटले होते, कापडानं पुसले असते तर भागलं असतं. नत्थूनं ते काढून खिशात घातले आणि एका ठेकेदाराच्या तसल्याच मशिनीत बसवून टाकले. शेवंताला म्हणाला, "या मापाची एक जोडी घास."

तिनं मशिनीवर चिकटपट्टी पाहिली. तिच्यावर दवाखान्याचं नाव होतं.

"हे कोनाची मशीन हाय?"

"डॉक्टरची."

"डॉक्टर काय करते ड्रिलनं?"

"भितीत खुट्या ठोकत असंन. फोटो टांगत असंन. तुले काय करायचं हाय?"

आता, हाडांचा डॉक्टर ड्रिलनं काय करतो हे न कळण्याइतकी शेवंता खुळी नव्हती. तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा मशिनीकडं, आणि भिंतीवरच्या फोटोची गोष्ट खरी मानली. खोटं बोलणारा एक होता आणि ऐकून घेणारी दुसरी. दोघांचंही भागलं. तिनं जोडी घासली, सुबक घासली, आणि त्या दिवशी भाजीला लसणाची फोडणी देता देता ती गोष्ट विसरूनही गेली.

पुढं हिवाळ्यात शेवंता हापशावर पडली. ओट्यावर शेवाळ होतं, हातात भरलेली कळशी होती. मांडीचं हाड मोडलं. मोहल्ला गोळा झाला, कुणीतरी टेम्पो आणला, आणि नत्थू टेम्पोवाल्यावर खेकसला, "समता कॉलोनी चल. मोठ्या दवाखान्यात कायले जाऊ? तिथं आपली ओळख हाय." शेवंताला इतक्या कळा येत होत्या की कोणती ओळख, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

ते ध्यानात आणून दिलं सत्यभामाबाईंनी. शेवंताचा पाय वजन लावून टांगला होता, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, आणि शेजारच्या खाटेवर चौबे कॉलोनीच्या या बाई होत्या. नवरा सरकारी ऑफिसातून रिटायर होऊन वारलेला, मुलगा पुण्याला. बोलायला माणूस मिळालं, तेही मराठी, म्हणून बाईंना कोण आनंद झाला. घरून आलेल्या डब्यातली लापशी त्यांनी आधी शेवंताला दिली, मग स्वतः घेतली. शेवंताची मुलगी रीना सोबतीला होती. तिलाही जबरदस्तीनं खाऊ घातलं. आणि मग आपल्या ऑपरेशनची गोष्ट सांगायला घेतली.

"अगं, काही घाबरू नको. पाठीत सुई देतात, कमरेखालचं काही कळत नाही. पण कान चालू असतात ना! मला सगळं ऐकू येत होतं. हाडात भोक पाडायला लागले आणि मधेच मशीन बंद. डॉक्टरनं थापड मारली, मग चालू. पुन्हा बंद. काहीतरी जळल्याचा वास आला. मला वाटलं, माझंच हाड जळलं. ड्रिलचा एक बर्मा हाडातच अडकून बसला म्हणे, तो काढायला केवढा वेळ गेला. वरून सुईचा असर उतरायला लागला. मग मात्र मी जी बोंब मारली..." बाई हसल्या. मग हसू थांबवून त्यांनी पाय हळूच कुरवाळला. "स्क्रू नीट बसला नाही म्हणतात. परत उघडावं लागेल कदाचित. नशीब आपलं, दुसरं काय."

शेवंतानं लापशीची वाटी बाजूला सरकवली. रीनाला वाटलं, आई ऑपरेशनला घाबरली. "मम्मी, टेन्शन मत लो, कुछ नहीं होता," ती म्हणाली. रीनाला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीच.

"तुझ्या बापाले बोलाव," शेवंता म्हणाली. "आत्ताच बोलाव."

नत्थू आला तो आधी श्यामरावशी गप्पा ठोकून, मग पान थुंकून. शेवंतानं रीनाला चहा आणायला पाठवलं. सत्यभामाबाईंचा डोळा लागला होता.

"त्या मशिनीत आपली कांडी हाय," ती दबल्या आवाजात म्हणाली.

"कोन्त्या मशिनीत?"

"तुमाले माहीत हाय कोन्त्या. उद्या माह्या हाडात तेच घालनार हायेत."

नत्थूनं इकडं तिकडं पाहिलं. "अव, हळू बोल न. चालून राहिली हाय न मशीन? मंग?"

"चालून नाही राहिली. या बाईच्या पायात बंद पडली. दोनदा. ओरिजनल आना आनि टाका."

"त्या मापाचा ओरिजनल रायपुरात भेटत नाही. मांगवा लागते."

"तुमीच काढला होता न? कोनाले देला?"

"आता तो काय परत देते का? तू बी काय बोलून राहिली!"

शेवंतानं त्याच्याकडं नीट पाहिलं. या माणसासोबत आपण संसार केला, याच्यासाठी नखं काळी केली. बायकोचं हाड मोडलं आहे, आणि हा विकलेल्या मालाची अडचण सांगतो आहे. तिला रडू आलं नाही. तिला त्याची शिसारी आली, ताटात माशी निघाल्यावर येते तशी.

"उद्या सकाळच्या आत टाका," ती म्हणाली. "नाही तं मी डॉक्टरले समदं सांगीन. तुमचं दुकान बी जाईन आनि तोंड बी."

नत्थू गेला. बायकोच्या पायानं जे झालं नाही ते दुकानाच्या नावानं झालं. ठेकेदाराच्या हातापाया पडला की त्याला आणखी काही थाप मारली, देव जाणे, पण सकाळी तो खरे कार्बन घेऊन हजर झाला. श्यामरावला म्हणाला, "घरचं मानूस हाय टेबलावर. मशीन एकदा चेक करून देतो." पॅसेजमधल्या बाकावर बसून त्यानं टोपणं उघडली, कांड्या काढल्या, पट्ट्यांवरचा काळा थर रेगमालाच्या खरखरीत कागदानं साफ केला. डॉक्टर तिथूनच जात होते. त्यांनी थांबून पाहिलं. नत्थूनं त्यांना झिजलेल्या कांड्या दाखवल्या नाहीत, मुठीत दाबल्या. खरे कार्बन मात्र तळहातावर धरून दाखवले. श्यामरावनं मशीन पुसून निर्जंतुक करायला आत नेली.

टेबलावर शेवंताला सगळं ऐकू आलं. तिच्या छातीपुढं हिरवा पडदा होता, पाय कुठं तरी दूर कुणा परक्याचा असल्यासारखा. मशीन सुरू झाली आणि तिनं कान दिला. सूर एकसारखा होता. अडखळला नाही, घरघरला नाही, भोकामागून भोक पडत गेलं. खरा कार्बन असा बोलतो. आपण वाचलो, असं तिच्या मनात आलं आणि लगेच दुसरं मनात आलं की आपण वाचलो ते केवळ चोराच्या घरातले म्हणून. सत्यभामाबाईंचा नवरा चोर नव्हता, म्हणून त्यांच्या पायात कांडी गेली. शेवंताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नर्सनं ते पुसलं आणि म्हणाली, "हो गया अम्मा, बस हो गया."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आले ते हसतच. शेवंताचा एक्स-रे त्यांनी खिडकीशी धरून रीनाला दाखवला. मग नत्थूच्या खांद्यावर हात ठेवून ते शेवंताला म्हणाले, "आपके पति ने तो कमाल कर दिया. सुबह सुबह आकर मशीन खोलकर बैठ गए. मैं तो महीनों से परेशान था. ऐसे ईमानदार कारीगर कहाँ मिलते हैं आजकल! मैंने यहाँ के दो-तीन डॉक्टरों को बोल दिया है, सबकी मशीनें इनके पास आएँगी."

नत्थूनं हात जोडले, मान खाली घातली, आणि ज्या चेहऱ्यानं तो जगाला गवार म्हणायचा त्याच चेहऱ्यावर त्यानं विनय आणला. "सेवा है साहब, और क्या." सत्यभामाबाई आपल्या खाटेवरून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आठ दिवस आधी का नाही हो आलात? माझं तरी नीट झालं असतं." आणि त्यांनी नत्थूला आशीर्वाद दिला. नत्थूनं तो घेतला! वाकून, दोन्ही हातांनी, प्रसाद घेतात तसा घेतला.

डॉक्टर पुढच्या खोलीत गेले. बाई चष्मा पुसून पेपर वाचायला लागल्या. नत्थूनं दाराबाहेर ठेवलेली कापडी पिशवी आणली आणि शेवंताच्या खाटेवर, चांगल्या पायाशी ठेवली. पिशवी जड होती. आत सेल होते. सोबत कानस, रेगमालाचा तुकडा आणि पसरायला जुना पेपर.

"हे काय?"

"दोन मशिनी आजच आल्या, तिसरी उद्या येऊन राहिली. तुले तं आता पडूनच राहाचं हाय. हात तं बरे हायेत न तुहे? बसल्या बसल्या घासत जाय."

शेवंताला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "डॉक्टरच्या मशिनी हायेत. ओरिजनल टाका."

"ओरिजनल तुह्यासाठी होता. आता काय गावच्या लोकाईसाठी आपुन धर्मशाळा खोलली?" तो मोठ्या समजूतदारपणानं म्हणाला. नत्थू जेव्हा समजूतदार व्हायचा तेव्हा सगळ्यात जास्त किळसवाणा दिसायचा. "तू एवढी टेन्शन काहून घेतं? डॉक्टर थापड मारते न. चालते."

बायको त्याच टेबलावरून उतरून आली होती, आणि हा म्हणे चालते. शेवंतानं पिशवीत हात घालून एक सेल काढला. बोटांना त्याचा गुळगुळीतपणा ओळखीचा होता. किती तरी वर्षं ती या माणसाची किळस करत आली होती, आणि तेवढीच वर्षं याच बोटांनी त्याचं काम उरकत आली होती. किळस करणं फुकटचं होतं. तिनं नत्थूचा एक कार्बनही कधी अडवला नव्हता.

"रीना," ती म्हणाली, "डॉक्टर साहेबाले बोलाव."

"काय झालं? दुखून राहिलं का?" नत्थूनं विचारलं.

"हव. दुखून राहिलं."

डॉक्टर लगबगीनं परत आले, मागं श्यामराव आणि नर्स. शेवंतानं पेपर चांगल्या मांडीवर पसरला. तिला हिंदी फारशी येत नव्हती आणि जी येत होती ती धड नव्हती, म्हणून तिनं आधी करून दाखवलं. सेलाचं टोपण कानसेनं उचकटलं, पत्रा सोलला, आतला काळा भुगा पेपरवर सांडू दिला आणि कांडी ओढून काढली. चादरीवर काळं उडालं. नर्स ओरडली, "अरे अम्मा, ये क्या कर रही हो!" शेवंता थांबली नाही. कांडीच्या दोन बाजू तिनं झपाझप घासल्या, चौकोन झाला, आणि तो तिनं डॉक्टरपुढं धरला.

"साहब, आपके मशीन में ये था. कल तक. ओरिजनल इसने निकालके बेच दिया था. ये बाई के पाँव में मशीन बंद पड़ा, वो इसके कारण. कल मेरा नंबर था, इसलिए बदला. अब जो आएगा उसमें फिर ये डालेगा."

श्यामरावचं तोंड पांढरं पडलं. रीना बापाकडं बघत राहिली.

नत्थू हसला. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की तो असाच हसायचा. "साहब, इंजेक्शन का असर है. रात से बड़बड़ा रही है. औरत जात, घबरा गई है."

डॉक्टरांनी कांडी हातात घेतली, उलटीसुलटी केली. कडा सरळ होत्या, कोपरे नेमके. नत्थूकडं वळून ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आता मघाचं काही नव्हतं, "ये तुम बनाते हो?"

नत्थू मनात हिशोब करायला लागला. हो म्हणावं तर चोरी, नाही म्हणावं तर हात दुसऱ्या कुणाचा हे सांगावं लागणार. पण त्याला काही ठरवावंच लागलं नाही. शेवंता हसली होती. टाके दुखले तरी हसली, इतकं तिला ते अशक्य वाटलं.

"ये?" ती म्हणाली. "इससे कहाँ बनता है साहब! इसको इतना भी नहीं आता. सब मैंने बनाया. आपका भी मैंने ही बनाया था."

बोलून झाल्यावर तिनं शेजारी पाहिलं. सत्यभामाबाईंच्या हातातला पेपर खाली आला होता. त्या शेवंताच्या बोटांकडं बघत होत्या, मग आपल्या पायाकडं, मग पुन्हा बोटांकडं. शेवंता त्यांना काहीतरी सांगायला गेली, "बाई, मले..." पण बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. नर्सला हाक मारली आणि आपली खाट दुसऱ्या खोलीत न्यायला सांगितली.